किती छान मराठी बोलते!

आमच्या कॉलेजनं यंदा स्मरणिका काढली आहे. गुळगुळीत कागद, पुढच्या पानांवर विश्वस्तांचे रंगीत फोटो, मागच्या पानांवर सराफांच्या आणि बांधकामवाल्यांच्या जाहिराती. मध्ये कुठंतरी एक जुना काळापांढरा फोटो आहे. रंगमंचावर एक उंच मुलगी, उजवा पाय उचललेला, मागे चार मुलगे. खाली ओळ छापली आहे : ‘आफ्रिकेतील आदिवासी वेशभूषेत परदेशी विद्यार्थिनी.’

ती वेशभूषा म्हणजे आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या गयाबाईंचं नऊवारी लुगडं आहे. कासोटा घालून नेसलेलं, सोनईच्या बाजारातून घेतलेलं. संपादक मंडळात मराठीचे दोन प्राध्यापक आहेत. त्यांच्या घरातल्या थोरल्या बायका हेच नेसत आल्या असणार. पण नेसणारं माणूस काळं दिसलं, आणि लुगडंही आफ्रिकेत जाऊन पडलं.

तिचं नाव अकिन्यी. गेल्या महिन्यात ती तिच्या गावी वारली. फोटोत मागे उभ्या असलेल्या चौघांपैकी ओतिएनो अजून अधूनमधून फोन करतो, त्यानं कळवलं. स्मरणिका त्याच आठवड्यात पोस्टानं आली. म्हणून हे लिहिते आहे, आणि रागानं लिहिते आहे. अकिन्यीला ते चाललं असतं. राग न येणाऱ्या माणसांबद्दल तिला नेहमी संशय वाटायचा. ‘ह्याला काहीच कसं लागत नाही?’ असं ती विचारायची, आणि ते कौतुक नसायचं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती केनियाहून आमच्या कॉलेजात विज्ञान शिकायला आली. मी तिथं मराठी शिकवत होते आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. मुलींच्या खोल्यांच्या टोकाला माझी खोली, तिच्याखाली स्वयंपाकघर. अकिन्यीला आमचं जेवण पहिले काही दिवस तिखट लागलं, म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन बसू लागली. गयाबाई तिच्यासाठी बिनमिरचीचं कालवण बाजूला काढायच्या. तिचं नाव त्यांना म्हणता येईना. आधी ‘अक्कीनी’ झालं, मग नुसतं ‘अक्के’.

अकिन्यी मराठी शिकली ती या स्वयंपाकघरात. आणि गयाबाई दिवसभर कुणा ना कुणाला झापत असायच्या. दूधवाल्याला, लाकूडवाल्याला, मांजराला, ताटात अन्न टाकणाऱ्या मुलींना. त्यामुळे अकिन्यीची मराठी ही सगळी भांडणाची मराठी झाली. ‘नमस्कार’, ‘आभारी आहे’ असले शब्द तिला येत नव्हते. ‘तोंडाला काय कुलूप लावलंय का?’ हे वाक्य मात्र ती बिनचूक म्हणायची. माझ्याशी ती इंग्रजीत बोले, शांतपणे, नेमकं. खोलीतून एकाएकी मराठी ऐकू यायला लागली की मुली म्हणायच्या, ‘मॅडम, ती चिडली.’

कापडबाजारातली गोष्ट. आम्ही दोघी सतरंजी घ्यायला गेलो होतो. मागून सायकलवर दोन पोरं, ‘हबशी! हबशी!’ करत. तिनं मला विचारलं, ‘याचा अर्थ काय?’ मी वाचणारी बाई, मी मूळ सांगत बसले. हबसाण म्हणजे तिकडचा मुलूख, तिथून आलेले ते हबशी, निजामशाहीत इथं मोठाले सरदार होऊन गेले, या शहराचं पाणी, तटबंदी, सगळ्यांत त्यांचा हात होता. तिनं सगळं ऐकून घेतलं.

‘म्हणजे हा मान आहे?’

‘होता,’ मी म्हटलं.

‘आणि ही पोरं मान देताहेत?’

मी काही बोलायच्या आत ती वळली, सायकलचं हँडल धरलं आणि भर रस्त्यात गयाबाईंच्या आवाजात म्हणाली, ‘काय रं मुडद्या, तुझ्या घरचं कुनी काळं न्हाई व्हय? आरशात बघ की जरा!’

पोरं सायकल टाकून पळाली. दुकानदार पोट धरून हसले. एक जण म्हणाला, ‘आयला, मराठी बोलती की!’ त्या दिवशी मीही हसले. पुढे याच कौतुकाचा मला एवढा वीट येईल, हे तेव्हा वाटलं नव्हतं.

नाचणं तिचं आधीपासून होतं. तिच्या गावाला मोठं सरोवर आहे, तिथल्या बायकांचा खांद्यांनी करायचा नाच ती आजीकडून शिकली होती. मग शहरातल्या शाळेत तिला एक शिक्षिका भेटली. ती रोजच्या कपड्यांत, रोजच्या हालचालींचा नाच बसवायची : बसची वाट पाहणारी माणसं, टाइपरायटरवर बसलेल्या मुली, रांगेत उभे राहिलेले कामगार. पण खाली पायांची चाल जुनीच. पाय गावचे आणि हात शहरातले. अकिन्यीला ते पटलं होतं. आमच्या कॉलेजात तिच्या खंडातले चार मुलगे होते, वेगवेगळ्या देशांतले. त्यांना तिनं पकडलं आणि वसतिगृहामागच्या मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी तालीम सुरू केली. ढोल नव्हता. ओतिएनो रॉकेलचा रिकामा डबा मांडीत धरून वाजवायचा.

गयाबाई पायरीवर भाजी निवडत बघत बसायच्या. त्यांचं मत चांगलं नव्हतं.

‘अक्के, ह्यो काय नाच हाय? नुसती उभी ऱ्हायलीस की.’

‘उभी न्हाई मावशे, बशीची वाट बघतीया.’

‘मंग बस कवा यायची?’

‘येतच न्हाई. त्योच नाच हाय.’

गयाबाईंनी जरा विचार केला. ‘मंग बरोबर हाय,’ म्हणाल्या आणि पुन्हा भाजीला लागल्या.

कॉलेजच्या सांस्कृतिक समितीचे प्रमुख ठोसरसर एकदा तालीम बघून गेले. गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘बाई, छान आहे, पण यात आफ्रिका कुठं आहे? लोकांना अस्सल काहीतरी पाहिजे. गवताचे घागरे, भाले, आरोळ्या. हे पॅंट-शर्टात काय?’ मी ते तसंच तिला सांगितलं. ‘अस्सल म्हणजे काय?’ तिनं गयाबाईंना विचारलं.

‘भेसळ नसंल त्ये अस्सल. तुपासारखं.’

‘मग आमी भेसळ,’ अकिन्यी म्हणाली.

तेव्हापासून ते पाचही जण स्वतःला ‘भेसळ पार्टी’ म्हणू लागले. तालमीच्या जागेच्या भिंतीवर तिनं कोळशानं वेड्यावाकड्या देवनागरीत लिहूनही ठेवलं : ‘भेसळ पार्टी. आत येऊ नये.’ ते अक्षर कॉलेजनं चुना फासून पुसलं. भिंतीचं पावित्र्य आमच्याकडं फार जपतात.

त्याच सुमारास दुष्काळ पडला, आणि तो मोठा होता. वसतिगृहात मोजून पाणी मिळायचं, तरी आम्ही शहरात होतो. पारनेर तालुक्यात एका रस्त्याच्या कामावर कॉलेजची मुलं सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारा पिठाचा खाऊ, वाटायला जात. अकिन्यीही गेली. मी बरोबर होते. उन्हात बायकांची लांबच लांब ओळ, मुरमाची घमेली या हातातून त्या हातात जात होती. अकिन्यीनं सुकडीचं पातेलं माझ्याकडं दिलं आणि ती ओळीत जाऊन उभी राहिली. घमेलं आलं, पुढं दिलं. आलं, दिलं. मुकादम ओरडला, तर तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

जेवणाच्या सुट्टीत बायकांनी तिला घेरलं. कुणी केसांना हात लावून पाहिला, कुणी तळहात उलटून पाहिला. एका म्हातारीनं विचारलं, ‘बाई, तुमच्यातबी दुस्काळ पडतू का?’

‘पडतू की.’

‘मंग काय करता?’

‘बाया म्होरक्याच्या दारात जात्यात. आन नाचत्यात.’

‘नाचत्यात?’ सगळ्या हसल्या.

‘त्यो बाहेर यीपर्यंत. पाय आपटायचा, तिथंच, जागा सोडायची न्हाई. त्यानं बाहेर यायचं आन इचारलेल्याचं उत्तर द्यायचं. त्याबिगर बाया जात न्हाईत.’

म्हातारी हसायची थांबली. ‘आमचा म्होरक्या जीपमधनं येतो,’ ती म्हणाली, ‘आन दार लावूनच बसतो.’

त्या कामावर टॅंकर दिवसाआड यायचा. आला की ओळ मोडायची, आणि एका बाईचं भांडं भरेस्तोवर दुसरीचं रिकामं राहायचं. त्या टॅंकरच्या मागच्या नळाला गळती होती, म्हणून त्याला लाल फडकं गुंडाळलेलं होतं. त्या फडक्यातून ठिबकणाऱ्या थेंबाखाली एक पोर तोंड उघडून उभी होती. ते अकिन्यीनं पाहिलं, मीही पाहिलं.

परत आल्यावर तिनं नवा नाच बसवायला घेतला. रिकामी घमेली हातोहात जातात, आणि शेवटच्याच्या हाती जाईपर्यंत पाय गावच्या चालीवर येतात, मग सगळे एका जागी उभं राहून पाय आपटू लागतात. म्होरक्याच्या दारातला तो नाच. हे दोन्ही एकमेकांत कुठं मिसळलं, ते डोळ्यांना दिसत नव्हतं. मी आयुष्यात फार नाच पाहिलेले नाहीत, पण एवढं मला कळलं की हा कुणाला खूश करण्यासाठी नाही.

कॉलेजनं दुष्काळ निधीसाठी करमणुकीचा कार्यक्रम ठेवला. पाहुणे म्हणून जिल्ह्यातले एक मोठे पुढारी येणार होते. सगळे त्यांना ‘साहेब’ म्हणत. रस्त्याची कामं, टॅंकर, सुकडी, सगळं त्यांच्याच शब्दावर चाले. ठोसरसरांनी पुन्हा तालीम पाहिली. घमेली पाहून त्यांचा चेहरा उतरला.

‘हे आमच्याच बायकांचं काम आम्हाला काय दाखवता? आणि साहेबांसमोर? नको. तो भाग काढा. राहिलेला पाय आपटायचा ठेवा, तो अस्सल वाटतो.’

प्राचार्यांनी तिला बोलावून इंग्रजीत समज दिली. कार्यक्रमात काही गडबड झाली तर वसतिगृहातली तिची जागा पुढच्या वर्षी राहणार नाही. तिनं ‘समजलं’ म्हटलं. खरंच समजलं होतं. तिला तिथं पदवी पुरी करायची होती. तिच्या मामानं त्यासाठी गावातली गुरं विकली होती, हे तिनं एकदाच मला सांगितलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी समितीनं तागाच्या सुतळीचे घागरे पाठवले. सोबत काळ्या बूट पॉलिशच्या डब्या. दिव्यांत रंग उठून दिसावा म्हणून. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. एरवी कुणी सांगितलं असतं तर मीही विश्वास ठेवला नसता. अकिन्यीनं एक डबी उघडली, पायरीवर बसली आणि आपले बूट चकचकीत होईपर्यंत घासले. मग उरलेल्या डब्या शिपायाकडं दिल्या. ‘ठोसरसरांना सांग, रंग लई झकास बसला.’

इथवर ती हसत होती. घागरे घालायला ती तयार नव्हती, पण घमेल्यांचा भाग गाळून उरलेलं करायचं तिनं ठरवलं होतं. मुलग्यांनीही तिला तसंच समजावलं होतं.

चारच्या सुमारास मैदानावर टॅंकर आला. धूळ बसावी म्हणून मैदानावर पाणी मारायला. सोफे मांडून झाले होते, त्यांच्यावर पांढरे अभ्रे चढले होते. मागच्या नळाला लाल फडकं होतं.

अकिन्यी धावत गेली. मी मागून. ड्रायव्हर बिडी ओढत होता.

‘ह्यो टॅंकर पारनेरकडचा ना?’

‘व्हय बाई.’

‘आज तिकडं पाळी हाय.’

‘आज हिकडं सांगितलंय. सायेब येनार. धूळ उडाया नको.’

पाणी मारून झालं. ओल्या मातीचा छान वास सुटला. येणारे पाहुणे तो वास घेऊन ‘वा!’ म्हणत होते.

ती स्वयंपाकघरात आली. ओरडली नाही, आदळआपट केली नाही. गयाबाईंनी दोनदा विचारलं, ‘अक्के, गप का?’ मग ती म्हणाली, ‘मावशे, तुझं लुगडं दे. कासोटा घालून दे.’ गयाबाईंनी कारण विचारलं नाही. पेटीतलं चांगलं लुगडं काढलं, तिला उभं केलं आणि निऱ्या घालता घालता पुटपुटत राहिल्या, ‘काय उंच मेली! नऊ वारबी पुरंना.’ ओतिएनो आणि बाकीचे बागेतली चार घमेली घेऊन आले. खाकी चड्ड्या, बनियन. प्राचार्य काय म्हणाले होते, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेब उशिरा आले. पाच जण रंगमंचावर गेले. आधी कुणाला कळलंच नाही. घमेली रिकामी होती, पण ती ज्या तऱ्हेनं हातांत येत, त्यावरून त्यांत ओझं आहे असं वाटत होतं. शेवटचं घमेलं खाली आदळलं, तो आवाज छातीत बसला. मग ती पुढं आली. बरोबर मधल्या सोफ्यासमोर. आणि पाय आपटायला लागली. खांदे जुने, आजीचे. हात त्या ओळीतल्या बायकांचे. चेहरा दगडाचा. ती थांबेना. डबा वाजत राहिला. मागच्या बाजूच्या शिट्ट्या बंद झाल्या. माझ्या शेजारी गयाबाई उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाशी धरला होता.

साहेबांना वाटलं, हे आपल्या मानासाठी आहे. ते उठले, हसत रंगमंचावर गेले. त्यांच्या पाठोपाठ ठोसरसर हार-नारळ घेऊन पळाले. म्होरक्या दाराबाहेर आला होता. ती थांबली. त्यांनी तिच्या हातात नारळ ठेवला, माईक ओढला आणि म्हणाले, ‘आफ्रिकेच्या या कन्येनं आज आपल्याला अस्सल कला दाखवली.’

ती माईककडं वाकली. ‘मैदानावर पानी मारलं, त्ये कुनाचं?’

मी साहेबांकडं पाहत होते. त्यांना कळलं होतं. सबंध मैदानात सगळ्यांत आधी त्यांनाच कळलं होतं. मग ते हसले. मोठ्यानं, मान मागं टाकून.

‘अरे वा! मराठी येतं!’

तिथून सगळं सुटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. ‘किती छान मराठी बोलते!’ पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींना सांगू लागल्या. ठोसरसर माईकवर म्हणाले, ‘हे मराठी भाषेचं भाग्य आहे!’ मागून कुणीतरी ओरडलं, ‘आजून येक म्हना बाई, आजून येक!’

तिनं पुन्हा विचारलं. ‘पारनेरच्या बायांचं पानी हितं का मारलं?’

‘वन्स मोर!’

प्रश्नाला वन्स मोर. माझ्या भाषेत विचारलेला साधा प्रश्न, एकही शब्द अवघड नाही, उच्चार स्वच्छ, कुठल्याही पहिलीतल्या पोराला कळेल असा. आणि हजर असलेले वकील, डॉक्टर, माझे सहकारी, माझे विद्यार्थी, सगळे तो प्रश्न न ऐकता त्यातलं मराठी ऐकत होते. पोपट ‘विठू विठू’ म्हणाला की त्याला डाळ घालतात, ‘विठू कुठंय’ असं कुणी विचारत नाही. मी आयुष्यभर मुलांना भाषा शिकवली, आणि भाषेचा एवढा अपमान मी पुन्हा कधी पाहिला नाही.

तिनं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा हशा झाला. तिनं नारळ खाली ठेवला आणि जागच्या जागी उभी राहिली. उत्तराशिवाय दार सोडायचं नसतं. शेवटी समितीनं पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक वर्तमानपत्रात ‘परदेशी विद्यार्थिनीची अस्खलित मराठी’ असा मथळा आला. आठवड्यानं प्राचार्यांनी मला बोलावलं. वसतिगृहातली तिची जागा दुष्काळग्रस्त गावातल्या मुलीसाठी लागणार होती. दुष्काळग्रस्त हा शब्द त्यांनी माझ्याकडं न बघता उच्चारला. मी लेखी हरकत दिली. ती हरकत कुठं गेली कुणास ठाऊक. त्या जागेवर पुढं एका विश्वस्तांची भाची राहायला आली.

अकिन्यीला पुण्यात एका कॉलेजात प्रवेश मिळाला. एक वर्ष वाया गेलं, पण पदवी पुरी झाली. पुण्याला जाईपर्यंतचे उरलेले दिवस ती आमच्याकडंच होती, आणि त्या दिवसांत ती मराठी बोलली नाही. एक शब्दही नाही. चिडली तरी नाही. गयाबाईंनी काय काय केलं! मुद्दाम भाकरी करपवली, कालवणात मीठ टाकलं नाही, तिच्यासमोर दूधवाल्याला जास्तच शिव्या दिल्या, की ही आता हसेल, काही जोडेल. ती मान हलवायची, ताट धुऊन ठेवायची. ‘बाई, तिला बोलाया सांगा हो,’ गयाबाई मला म्हणाल्या. मी सांगितलं. ती इंग्रजीत म्हणाली, ‘मी बोलले की ते माझं बोलणं ऐकत नाहीत. माझं तोंड बघतात.’

तिला एस.टी. स्टॅंडवर पोचवायला आम्ही दोघी गेलो होतो. गयाबाईंनी चटणी-भाकरीचं गाठोडं दिलं आणि गाडी लागेपर्यंत त्या एकट्याच बोलत राहिल्या : पुण्यात कुनाचं ऐकून घिऊ नको, डोक्याला तेल लाव, वाळलीस. अकिन्यीनं त्यांचा हात धरून ठेवला होता. कंडक्टरनं घंटी दिली तशी ती चढली आणि खिडकीशी बसली. शेजारच्या सीटवर एक खेड्यातली बाई होती, मांडीवर मूल, पायाशी बोचकं. गाडी मागं घेताना मला दिसलं : त्या बाईनं वळून तिला काहीतरी विचारलं. अकिन्यीनं तिच्याकडं पाहिलं, आणि काहीतरी उत्तर दिलं. काचेतून ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की ती बाई हसली नाही, नवल करून मागच्या कुणाला दाखवलं नाही. तिनं मान डोलावली, बोचकं पायानं बाजूला सारलं, आणि पुढचं विचारलं.